तीनशेतला एक

नवी मुंबईत घर घ्यायला निघालेला माणूस घराआधी मॉडेल बघतो. बिल्डरच्या साइट ऑफिसात शिरलं की मधोमध मोठी काचेची पेटी असते. तिच्यात पांढरेशुभ्र टॉवर, निळाशार तलाव, स्पंजची झाडं आणि त्या झाडांखाली फिरणारी पेराएवढीसुद्धा नसलेली माणसं. सोबतचा तरुण लेसरचा लाल ठिपका नाचवत सांगत असतो, "मॅडम, ही तुमची बाल्कनी, इथून खाडी दिसेल." मला खाडी बघायची इच्छा असते, पण नजर त्या माणसांवर जाते. एकालाही नाक-डोळे नाहीत. कुणाच्या हातात भाजीची पिशवी नाही, कुणी पनवेल लोकलसाठी पळत नाही, पार्किंगवरून कुणाचं वाजलेलं नाही. त्या पेटीत पाऊस तर कधीच पडत नाही. ही माणसं तिथे राहायला आलेलीच नसतात. टॉवर किती उंच आहे ते कळावं, एवढ्याचसाठी त्यांना उभं केलेलं असतं.

आमचं अख्खं शहरच असं आधी टेबलावर आणि मग जमिनीवर आलं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' मासिकातून खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १७ मार्च १९७० रोजी ते वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली, आणि पंचाण्णव गावांच्या भातखाचरांचे, मिठागरांचे बघता बघता नोड आणि सेक्टर झाले. पुढे उलव्याची टेकडी कापून विमानतळ झाला. आहे त्याचं दुसरंच काहीतरी करायचं, हा इथला जुना उद्योग आहे. तेव्हा नेरूळमधल्या एका निवृत्त बँकवालीने जेवणाच्या टेबलावर एका विलायती रानटी योद्ध्याचा मावळा करायला घेतला, तर सिडकोने तरी हरकत घेऊ नये.

तो रानटी योद्धा आमच्या माळ्यावर होता. मुलगा शिकायला जर्मनीला गेला आणि जाताना त्याच्या छंदाची खोकी मागे ठेवून गेला. एका खोक्यात राखाडी प्लॅस्टिकची माणसं होती. काही जोडलेली, काही अजून चौकटीतच अडकलेली: हात एकीकडे, डोकी दुसरीकडे, कुऱ्हाडी तिसरीकडे. टेबलावर लढाई खेळण्यासाठीची ही सेना. प्रत्येक सैनिक साधारण २८ मिलिमीटर उंच, म्हणजे देवघरातल्या बाळकृष्णाहूनही लहान. यांना नुसतं जोडून भागत नाही, रंगवावंही लागतं, आणि रंगवल्याशिवाय लढाईत उतरवणं हे त्या मंडळीत अप्रतिष्ठेचं समजतात. खऱ्याखुऱ्या सैन्यांनी गणवेशाचा एवढा बाऊ केला असेल असं वाटत नाही.

हा नाद आपल्याकडे बाहेरून आला असं वाटतं, पण मुळापर्यंत गेलं तर वाट घरीच येते. हत्ती, घोडे, रथ, पायदळ अशी चार अंगांची सेना पटावर मांडणारं चतुरंग इथलं. ते इराणमार्गे युरोपात गेलं, त्याचं बुद्धिबळ झालं. पुढे १७८० साली ब्रुन्सविकच्या हेलविग नावाच्या मास्तरांना वाटलं की खऱ्या युद्धात नुसते चौकोन कसे, नद्या, डोंगर, गावंही हवीत. त्यांनी पट वाढवला. १८२४च्या सुमारास राइसविट्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने पटच काढून टाकला आणि खरे नकाशे टेबलावर पसरले. प्रशियाच्या सैन्याने तो खेळ अभ्यास म्हणून उचलला. शेवटी १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी, हो, तेच कालयंत्रवाले, 'लिटल वॉर्स' नावाचं छोटं पुस्तक लिहून युद्ध दिवाणखान्यात आणलं. शिशाचे सैनिक मांडायचे, स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळ्या मारायच्या, आणि पडलेले सैनिक मोजायचे. युद्धाची एवढीच हौस असेल तर ती अशी फरशीवर भागवा, असं वेल्स यांचं साधारण म्हणणं. पुढच्याच वर्षी युरोपने त्यांचा सल्ला धुडकावून खरं महायुद्ध सुरू केलं.

त्या पुस्तकाचं उपशीर्षक मला फार आवडतं. बारा ते दीडशे वर्षं वयाच्या मुलग्यांसाठी हा खेळ आहे, असं त्यात म्हटलंय. आणि शिवाय, मुलग्यांचे खेळ नि पुस्तकं आवडणाऱ्या जरा अधिक हुशार मुलींसाठीही. मुलाने हे मला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा त्याला गंमत वाटली. मला बँकेतलं प्रमोशन आठवलं. तिथेही साधारण याच भाषेत मिळालं होतं.

खोक्यातून मी निवडला तो गडी उघड्या छातीचा होता. डोक्यावर शिंगांचं शिरस्त्राण, कमरेला कवटीचं बक्कल, हातात दुहेरी कुऱ्हाड, पायात गुडघ्यापर्यंत केसाळ बूट. धुणंभांड्याच्या मावशींनी त्याला निरखून विचारलं, "ताई, हा राक्षस कशाला काढलाय?" मी म्हटलं, "त्याचा मावळा करणार आहे." त्यांनी फडका थांबवला. "मग बूट काढा आधी," म्हणाल्या. बाहेरच्या जगात या विद्येला 'कन्व्हर्जन' म्हणतात आणि तीवर पानंच्या पानं लिहिली जातात. त्या सगळ्याचं सार मावशींनी एका वाक्यात सांगितलं होतं.

आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "करायचाच तर बाजीप्रभू कर. लोकांना ओळखू तरी येईल." सल्ला व्यवहारी होता. पन्हाळ्यावर बाजीप्रभू आहेत, दोन्ही हातांत पट्टे घेऊन. कॅलेंडरात आहेत, सिनेमात आहेत, दिवाळीच्या किल्ल्यावर आहेत. १३ जुलै १६६०. आदिलशाहीच्या सिद्दी जौहरचा पन्हाळ्याचा वेढा फोडून शिवाजी महाराज रात्री पावसात निघाले, साठेक किलोमीटरवरच्या विशाळगडाकडे. पाठलागावर सिद्दी मसूद. घोडखिंडीत बाजीप्रभू थांबले, आणि त्यांच्याबरोबर बांदलांची तीनशे माणसं, असं परंपरा सांगते. विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत खिंड सोडायची नाही, एवढंच काम. ते त्यांनी केलं, आणि घोडखिंडीची पावनखिंड झाली.

बाजी आपल्याला ठाऊक आहेत. त्यांचे बंधू फुलाजीही अनेकांना ठाऊक असतात. पण उरलेल्यांचा एकत्र आकडा आहे: तीनशे. मी आयुष्य आकड्यांत काढलंय. वर्षअखेरीच्या ताळेबंदात हजारो खातेदारांची एक ओळ होते. त्या ओळीतला एक माणूस काउंटरवर येऊन पासबुक पुढे करेपर्यंत तो ओळीतच राहतो. म्हणून मी ठरवलं, बाजी नको. तीनशेतला एक.

काम सुरू झालं कापण्यापासून. शिंगं पहिल्यांदा गेली. त्यांच्यासाठी हळहळायचं कारण नव्हतं, कारण खऱ्या व्हायकिंगांच्याही शिरस्त्राणांना शिंगं नव्हती. १८७६ साली वॅग्नरच्या ऑपेरासाठी वेशभूषा करणाऱ्याने त्यातल्या योद्ध्यांना ती चढवली, आणि तेव्हापासून ती उतरायला तयार नाहीत. नाटकवाल्यांनी एकदा इतिहासाला पोशाख घातला की पुढच्या पिढ्या त्यालाच इतिहास समजतात. हे आपल्यालाही अगदीच अपरिचित नाही.

टोप तासल्यावर डोक्यावर पागोटं हवं. परदेशात यासाठी निळी आणि पिवळी अशा दोन पट्ट्यांची पुट्टी मिळते. ती एकत्र मळली की हिरवी होते आणि हवा तो आकार घेऊन दगड बनते. आपल्याकडे नळ गळायला लागला की आपण जे आणतो ते एम-सील याच कुळातलं. दोन गोळे घ्यायचे, एकरंग होईतो मळायचे, बोट ओलं ठेवायचं आणि घाई करायची, कारण एम-सील कुणासाठी थांबत नाही. त्याची बारीक दोरी वळून डोक्याभोवती तिरकस गुंडाळली आणि टाचणीच्या टोकाने पीळ कोरले. हार्डवेअरवाल्याने विचारलं होतं, "काकू, कुठे लीकेज आहे?" मी म्हटलं, "सतराव्या शतकात." त्याने सुट्टे पैसे दोनदा मोजून दिले.

कुऱ्हाडीच्या जागी स्टेपलरची पिन सरळ करून, मग किंचित वाकवून तलवार केली. ढालीसाठी ब्लाउजचं टिचबटण कामी आलं. त्याचा फुगीर अर्धा भाग पाठीवर बांधला, त्यावर एम-सीलचे चार ठिपके दिले की ढालीवरची चार फुलं तयार. कवटीचं बक्कल घासून सपाट केलं आणि तिथे शेल्याची गाठ आली. केसाळ बुटांवर ब्लेड चालवलं, पिंढरी मोकळी केली, पावलं एम-सीलने नव्याने घडवली. बोटं मात्र पाडली नाहीत. आषाढातला चिखल घोट्यापर्यंत चढवला की कलावंताला बोटं पाडायची गरज उरत नाही. चिखलाचे उपकार शिल्पकार सहसा मान्य करत नाहीत, पण आहेत.

हे सगळं करताना मला सारखा शिवा काशीद आठवत होता. त्याच रात्री पन्हाळ्यावरून दुसरी एक पालखी निघाली होती. तीत महाराजांच्या वेषात शिवा काशीद बसला होता, गडाच्या पायथ्याच्या नेबापूरचा, न्हावी समाजातला. शत्रूने ती पालखी पकडली, त्यामुळे वेळ मिळाला. सोंग उघडं पडलं, शिवा काशीद मारला गेला. माणसाने दुसऱ्याचं रूप घेणं म्हणजे काय, हे त्याला कळलं होतं. मी प्लॅस्टिकवर ब्लेड चालवत होते. त्याने आपला जीव त्या वेषात घातला होता.

मावळा मुळात दिसायचा कसा, हा पुढचा प्रश्न. महाराजांचं चित्र आपल्याकडे आहे. गोवळकोंड्याच्या शैलीतली सतराव्या शतकातली चित्रं युरोपात गेली. ॲमस्टरडॅमच्या रिक्सम्युझियममधल्या विट्सन अल्बममध्ये महाराजांचं एक आहे. मोठ्यांचीच चित्रं काढतात. खिंडीत उभं राहणाऱ्याला कुणी म्हटलं नाही, "जरा मान इकडे, हं, आता हलू नकोस." त्याचं रूप आपण मागाहून ठरवलं. थोडं कॅलेंडरांनी, थोडं सिनेमांनी आणि बरंचसं दिवाळीत रस्त्याकडेला मिळणाऱ्या मातीच्या नि प्लॅस्टरच्या मावळ्यांनी. ते सगळे एका साच्यातले असतात. गाल गुलाबी, मिशी एका फटकाऱ्यात, आणि हातातला भाला घरी येईपर्यंत मोडलेला.

पण नाव नसलेल्या लढवय्यांची मूर्त करायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. गावोगावच्या देवळांबाहेर वीरगळ असतात. बहुतेकांवर अक्षर नाही. दगडाचे कप्पे करून गोष्ट खालून वर वाचायची: तळाला लढाई आणि मृत्यू, त्यावर अप्सरा वीराला वर नेताहेत, आणि सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. आमच्यापासून लोकलने जाता येईल अशा बोरिवलीत एकसरला असे वीरगळ आहेत, त्यांतल्या काहींवर तर आरमाराची लढाई आहे. वल्ह्यांच्या रांगा असलेल्या नावा एकमेकींवर चालून जाताहेत. तेराव्या शतकात शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यात जे समुद्रावर झालं ते हे असावं, असा अभ्यासकांचा कयास आहे. राजांची नावं आपण अभ्यासाने लावली. वल्ह्यावर बसलेल्यांची नावं लावायला अभ्यासही पुरत नाही. तरी पाथरवटाने एकेकाला हात दिले आहेत, वल्हं दिलंय. युद्धाचा देखावा छोट्या मूर्तींत मांडायला आपल्याला कुणी इंग्रजाने शिकवलेलं नाही.

रंगवायला घेतला तेव्हा नेमका जुलै होता. नवी मुंबईचा जुलै म्हणजे कपाटातल्या चपलांना बुरशी, मिठाच्या बरणीत पाणी आणि पारसिकच्या डोंगरावर ढग बसलेले. रंग वाळत नाही. आधी अस्तराचा राखाडी हात, मग मूळ रंग. मुलाचा जर्मनीहून एकच घोष: "आई, रंग पातळ कर. दुधाएवढा पातळ." मी विचारलं, "गोठ्यातलं दूध की पिशवीतलं?" तो पलीकडे बराच वेळ गप्प होता. बहुधा जर्मनीत हा प्रश्न पडत नाही. पातळ रंगाचे दोन हात देणं हे जाड रंगाच्या एका हातापेक्षा बरं, हे मात्र खरं. जाड रंग एम-सीलचे सगळे कष्टाचे पीळ बुजवून टाकतो.

मग येतो या विद्येतला सगळ्यात सुखाचा भाग. काळपट तपकिरी रंग पाण्यासारखा सैल करून अंगभर सोडायचा. तो आपण होऊन खोलगट भागात उतरतो: धोतराच्या चुण्यांत, बरगड्यांमध्ये, पागोट्याच्या पिळांत. उंचवटे उजळ राहतात. क्षणापूर्वीचं खेळणं एकदम थकलेलं दिसायला लागतं. नंतर जवळजवळ कोरड्या ब्रशवर फिका रंग घ्यायचा, कागदावर पुसून टाकायचा, आणि उरलासुरला फक्त उंचवट्यांवरून फिरवायचा. मळलेलं पांढरं मुंडासं याच हाताने येतं. शुभ्र पांढरा वापरायचा मोह टाळावा लागतो. रात्रभर पावसात पळालेल्या माणसाचे कपडे सर्फच्या जाहिरातीतले दिसता कामा नयेत.

डोळ्यांपाशी सगळ्यांचे हात कापतात. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी हे जाणत्या हातांचं काम असतं. बाकी मूर्ती दहा जणांनी रंगवली तरी आखणीला तो एक माणूस बसतो. तिथे मूर्ती हातभर तरी असते. इथे अख्खा चेहरा तुरीच्या दाण्यात मावेल. ट्रिपल झिरोच्या ब्रशचा शेवटचा एक केस तेवढा चालतो. ठिपका तसूभर सरकला की वीर चकणा होतो, आणि चकण्या वीराकडे बघून शत्रू घाबरण्याऐवजी मागे वळून बघेल.

पण मला खरी अडचण वेगळीच पडली. हा माणूस बघतोय कुठे? मूळचा रानटी समोर बघून आरोळी ठोकत होता. खिंडीतल्या माणसाचे डोळे समोरच्या वाटेवर असणार हे खरं, पण त्याचा जीव पाठीमागे असणार. विशाळगडाकडे. तो तोफेच्या आवाजाची वाट बघतोय. वाट बघणं म्हणतो आपण, पण ते काम त्या दिवशी डोळ्यांचं नव्हतं, कानांचं होतं. ऐकणं रंगवायचं कसं? कानाला लाल रंग देऊन भागत नाही. शेवटी मी पातळ करवतीने त्याची मान कापली. घरात त्या क्षणी आलेल्या शेजारणीला हे सांगताना वाक्यरचना जपावी लागली. मान कापून डोकं थोडं, अगदी थोडं, खांद्याकडे वळवून पुन्हा फेविक्विकने बसवलं. आता त्याचे डोळे वाटेवर आहेत, पण एक कान मागे आहे. आरोळीचं उघडं तोंड पुट्टीने अर्धं मिटवलं, कारण आरोळी ठोकणाऱ्याला ऐकू येत नाही.

एवढ्या बदलाने तो माणूस झाला. बूट काढल्याने मावळा झाला होता, मान वळल्याने कुणीतरी झाला. मग मला त्याच्याबद्दल भराभर गोष्टी ठरवाव्या लागल्या, कारण ब्रश ठरवल्याशिवाय चालत नाही. वय किती? दाढीत एक करडी रेघ दिली, म्हणजे चाळिशी. डावरा की उजवा? तलवार डाव्या हातात होती, कारण मूळ कुऱ्हाड डाव्या हातात होती. तर डावरा. दंडावर ताईत हवा, तो कुणीतरी बांधला असणार. कोण, आई की बायको? एका तांबड्या ठिपक्यासाठी मी त्याचं घर उभं केलं, अंगणात तुळस लावली, आणि तिकडे कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे मोजायचं राहिलं. इतिहास लिहिणाऱ्यांना पुराव्याबाहेर जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. रंगवणाऱ्याला पुरावा संपला तरी थांबता येत नाही. कोरा चेहरा ठेवला तर तो बिल्डरच्या पेटीतला माणूस होतो.

देखाव्यासाठी टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल जपून ठेवला होता. २०१८च्या बंदीपासून मखरातून तो हद्दपार झालाय, पण पॅकिंगच्या रूपाने घरी येतोच. हाताने मोडला की त्याच्या कडा कातळासारख्या दिसतात. त्यावर स्प्रे मारायचा नाही, स्प्रेने थर्माकोल विरघळून कातळाची जाळी होते. फेविकॉलमध्ये रेती कालवून थापायची. उकळून वाळवलेली चहाची पूड म्हणजे कुजलेला पालापाचोळा. नारळाच्या शेंडीचं गवत. आणि शेवटी चकचकीत वॉर्निशचा हात, की अख्खी खिंड ओली होते. हा एकच भाग असा, की जुलैतल्या नेरूळमध्ये बसून करताना कल्पनाशक्तीला अजिबात ताण पडला नाही.

समोरून शत्रू हवा, त्याशिवाय लढाई कसली? खोक्यातलाच दुसरा गडी आदिलशाहीत भरती केला. त्याच्यासाठीही तोच राखाडी हात, तोच ओघळता काळपट रंग, तीच डोळ्यांची आखणी. हे म्हणाले, "शत्रूवर एवढा वेळ?" मी म्हटलं, "तोही रात्रभर त्याच पावसात पळालाय." सिद्दी मसूदच्या त्या माणसाचंही नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्याच्याही दंडाला मी ताईत दिला. रंग वेगळा, गाठ तीच.

देखाव्यात कुणाला किती जागा द्यायची हा प्रश्न फार वर जाऊ शकतो. विल्यम सायबोर्न नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने वॉटर्लूच्या लढाईचा देखावा केला होता, रणभूमीवर कित्येक महिने राहून, शेतान् शेत मोजून. १८३८ साली लंडनमध्ये तो लोकांसमोर आला तेव्हा त्यात सत्तर हजारांहून अधिक कथलाचे सैनिक होते. त्या लढाईतला इंग्रज सेनापती वेलिंग्टन, त्याला तो पसंत पडला नाही. त्याच्या मते विजयाच्या क्षणी मदतीला आलेले प्रशियन त्यात जरा जास्तच आणि जरा लवकरच आले होते. शेवटी सायबोर्नने हजारो प्रशियन सैनिक उचलून टाकले. मेणबत्तीच्या उजेडात चिमट्याने मित्रसैन्य कमी करणारा तो बिचारा डोळ्यांसमोर येतो. सैनिक कथलाचे असले तरी श्रेय खरंच असतं, आणि त्याचे वाटेकरी जितके कमी तितकं मोठ्यांना बरं वाटतं. त्या मानाने आपला व्यवहार सरळ होता. पावनखिंडीनंतर दरबारात मानाचं पहिलं पान जेधे घराण्याकडून बांदल घराण्याकडे गेलं, आणि जेध्यांनी ते मान्य केलं.

मावळ्याला पहिले प्रेक्षक लाभले ते दिवाळीत. आमच्या सोसायटीत पेव्हर ब्लॉकवर, दोन स्कूटरींच्या मधल्या जागेत मुलं किल्ला करतात. माती नर्सरीतून पिशवीने विकत आणतात, कारण नव्या मुंबईत मातीसाठीही बिल लागतं. विटा समोरच्या बांधकामावरून वॉचमनच्या कृपेने येतात. अळीव पेरलेला असतो. आणि प्रमाण म्हणाल तर किल्ल्यावर ते कुणी पाळत नाही. महाराज तटबंदीहून उंच, वाघ घोड्याएवढा, गवळण तोफेपेक्षा मोठी, पायथ्याशी एक डायनोसॉर राखणीला. मला ते पटतं. ज्याचं मोल जास्त तो मोठा. जुन्या शिल्पांतही राजा मोठा आणि चवरी ढाळणारी लहान असते. सातवीतल्या मुलांनी ते न शिकता गाठलंय.

या थाटात माझा २८ मिलिमीटरचा माणूस कुठे दिसणार? मुलांनी त्याला तळहातावर घेऊन फिरवला, भिंग मागवलं, ताईत शोधला. मग त्यांच्या सेनापतीने, जिला दोन वेण्या आणि प्रचंड आवाज आहे, त्याला अळिवाच्या कडेला उभं केलं. दोन बोटं वाढलेला अळीव त्याच्या डोक्यावरून गेला आणि खिंडीच्या अलीकडचं घनदाट रान आपोआप तयार झालं. अख्ख्या किल्ल्यावर तेवढीच जागा प्रमाणात होती.

"आजी, हा एकटाच आहे?" सेनापतीने विचारलं.

"समोर एक शत्रू आहे ना."

"तो नाही. आपले. बाकीचे कुठेत?"

मी म्हटलं, एकूण तीनशे होते. तिने लगेच बोटांवर हिशेब मांडला. महिन्याला एक केलात तर वर्षाचे बारा, म्हणजे पंचवीस वर्षं. तिच्या चेहऱ्यावर माझ्या वयाबद्दल काळजी स्पष्ट दिसली, पण संस्कार चांगले असल्याने ती बोलली नाही. हे मात्र बोलले. "तोवर टेबलावर जेवायला मिळेल का?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. दुसऱ्या रानट्याचे बूट काढायला घेतलेत. हा उजवा करणार आहे, जरा तरुण, पहिल्यापेक्षा भित्रा. पंचवीस वर्षं काही फार नाहीत. वेल्स यांनी वयाची मर्यादा दीडशे ठेवली आहे, आणि तीही मुलग्यांसाठी. हुशार मुलींना त्यांनी मर्यादाच घातलेली नाही.